सैतानाच्या नावे मांडलेली मेहनत



अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातली एक कथा आज जगभर पोचली आहे. रॉबर्ट जॉन्सन नावाचा एक काळा तरुण. हाती गिटार, पण बोटांत कसब नाही. एके दिवशी तो गावातून नाहीसा होतो. मध्यरात्री एका चौरस्त्यावर त्याला सैतान भेटतो, त्याच्या हातून गिटार घेतो, तारा जुळवून परत देतो आणि मोबदल्यात त्याचा आत्मा मागून घेतो. परतलेला जॉन्सन असे वाजवू लागतो की ऐकणारे थक्क होतात. आणि पुढे थोड्याच वर्षांत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो मरतो. सैतानाने आपले येणे वसूल केले, असे म्हणून कथा सांगणारा थांबतो.

कथा देखणी आहे. तिच्यावर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले. क्लार्क्सडेल गावातील रस्त्यांच्या एका छेदावर पर्यटकांसाठी गिटारीच्या आकाराचे फलक उभे राहिले. परंतु श्रमिकांच्या चळवळीत वावरणाऱ्या माणसाने कोणतीही कथा ऐकताना एक साधा प्रश्न विचारावयाचा असतो: या हिशेबात जमेच्या बाजूला कोणाचे नाव लिहिले आहे, आणि कोणाचे नाव खोडले आहे? ब्लूज या संगीतप्रकाराच्या आरंभीच्या गायकांभोवती जमलेल्या दंतकथा या प्रश्नाच्या उजेडात पाहिल्या, तर त्यांतून एका समाजाच्या लुबाडणुकीचा इतिहास बाहेर येतो.

त्या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले, तेव्हा ते त्यांनी अमेरिकेतील काळ्यांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना कृतज्ञतेने अर्पण केले. त्यावेळी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळे लोक मतदान करीत होते, कायदेमंडळांत निवडून जात होते. पण ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाल्यावर चारच वर्षांनी, १८७७ साली, दक्षिणेतील नव्या व्यवस्थेच्या पाठीशी उभे असलेले केंद्राचे सैन्य बाजूला झाले आणि जुने मळेवाले पुन्हा सत्तेवर आले. १८९० साली मिसिसिपीने नवी राज्यघटना करून मतदान-कर आणि साक्षरतेची कसोटी यांच्या आडून काळ्यांचा मताधिकार जवळजवळ संपवला. जोतीरावांना ज्या मुक्तीने उभारी दिली होती, तिची कशी वासलात लावण्यात आली, हे ज्यांनी गाण्यातून सांगितले ते ब्लूजचे गायक होत. गुलामांची ती मुले-नातवंडे होती.

ही वासलात मुख्यतः कापसाच्या शेतात लागली. जमीन, खेचर आणि बियाणे मळेवाल्याचे, घाम काळ्या कुटुंबाचा, पीक अर्धे-अर्धे. कागदावर ही बटाई. वर्षभराचे धान्य, कापड, रॉकेल मालकाच्याच दुकानातून उधारीने उचलावयाचे आणि हंगामाअखेरीस हिशेब करावयाचा. हिशेबाची वही मालकाकडे. अर्ध्या पिकातून उधारी आणि व्याज वजा जाता कुटुंबाच्या हाती बहुधा काही उरत नसे. उलट देणेच निघत असे. त्या वहीतील आकड्याबद्दल शंका काढणे म्हणजे गोऱ्या माणसाला खोटारडा म्हणणे, आणि त्याची शिक्षा चाबकापासून झुंडीने दिलेल्या फाशीपर्यंत कोणतीही असू शके. काम सोडून रस्त्यावर आलेल्या काळ्या माणसाला ‘भटक्या’ ठरवून पकडण्याचे कायदे होते, आणि पकडलेल्यांसाठी पार्चमनसारखी सरकारी तुरुंग-शेती होती. तेथेही कापूसच पिकत असे.

या भूमीत शनिवारी रात्री गिटार वाजवून चार पैसे मिळवणारा माणूस म्हणजे निदान दोन दिवसांपुरता मालकाच्या वहीबाहेर पडलेला माणूस. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी आपल्या आत्मचरित्रात १९०३ च्या सुमारास टटवायलर स्थानकावर भेटलेल्या अशा एकाचे वर्णन केले आहे. गाडीची वाट पाहताना हँडींना झोप लागली होती. जाग आली तेव्हा शेजारी फाटक्या कपड्यांतला, बुटांतून बोटे बाहेर आलेला एक काळा माणूस तारांवर चाकू दाबून गिटार वाजवीत होता आणि गात होता. ब्लूजच्या इतिहासात हा प्रसंग आरंभाचा म्हणून सांगितला जातो. त्या माणसाचे नाव मात्र कोणालाही ठाऊक नाही. हँडी पुढे ‘ब्लूजचे जनक’ म्हणून गाजले. पण १९१२ साली छापलेल्या ‘मेम्फिस ब्लूज’चे हक्क त्यांनाही पन्नास डॉलरला विकावे लागले होते. पहिला माणूस निनावी, आणि ज्याचे नाव झाले त्याच्या हातून हक्क निसटलेले: पुढच्या पन्नास वर्षांचा नमुना येथेच तयार झाला.

आता जॉन्सनकडे वळता येईल. त्याचा जन्म हेझलहर्स्टचा, बहुधा १९११ सालचा. बालपणाची काही वर्षे त्याने मेम्फिससारख्या शहरात काढली. १९३० साली त्याची अगदी कोवळ्या वयाची पत्नी बाळंतपणात दगावली. त्याच सुमारास सन हाउस आणि विली ब्राउन या थोर वादकांच्या मागे मागे तो हिंडत असे, आणि त्याचे वाजवणे ऐकून लोक वैतागत, असे सन हाउसने सांगून ठेवले आहे. मग तो गेला तो कोठे? हेझलहर्स्टच्या परिसरात आइक झिमरमन नावाच्या वादकाकडे तो राहिला आणि शिकला. झिमरमनच्या कुटुंबीयांनी पुढे सांगितले की गुरुशिष्य रात्री स्मशानात थडग्यांवर बसून सराव करीत; तेथे निवांतपणा होता. म्हणजे स्मशान होते, रात्र होती. सैतान तेवढा नव्हता. एक शिक्षक होता, राहण्याजेवण्याची सोय करणारे एक गरीब घर होते, आणि एका जिद्दी मुलाची न मोजलेली मेहनत होती. शिवाय त्या काळच्या ध्वनिमुद्रिका ऐकून लिरॉय कार, लॉनी जॉन्सन यांसारख्या शहरी कलावंतांची शैलीही त्याने आत्मसात केली होती.

चौरस्त्यावरील त्याचे जे गाणे या कथेचा पुरावा म्हणून पुढे केले जाते, त्यात सैतान येतच नाही. त्यात गुडघे टेकून देवाची करुणा भाकणारा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात दाखवणारा एक माणूस आहे. दिवस मावळत चालला आहे आणि कोणी थांबत नाही. परक्या गावच्या रस्त्यावर अंधारात सापडलेल्या काळ्या माणसाचे काय होत असे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या गाण्यातील भीती समजावून घेण्यासाठी नरकापर्यंत जावे लागत नाही. इतर काही गाण्यांत जॉन्सनने सैतानाचे नाव घेतले आहे, हे खरे. पण चौरस्त्यावरील कराराची कथा मुळात दुसऱ्याच एका गायकाची, टॉमी जॉन्सनची. आडनाव तेच, नाते काही नाही. टॉमीच्या भावाने ती एका संशोधकाला सांगितली आणि पुढे ती रॉबर्टला चिकटली.

काळ्या समाजात ही कथा कोणत्या सुरात सांगितली जात असे, तेही पाहिले पाहिजे. तेथे धर्मोपदेशकाचा शब्द प्रमाण होता, आणि शनिवारच्या नाचगाण्याला तो ‘सैतानाचे संगीत’ म्हणत असे. गायकाने तीच शिवी उचलून बिरुद म्हणून मिरवली. पीटी व्हीटस्ट्रॉ या गायकाच्या तर ध्वनिमुद्रिकांवरच ‘सैतानाचा जावई’ असे छापलेले असे. त्यात धंद्याची जाहिरात होती, उपदेशकाची थट्टा होती, आणि ‘तुमच्या वहीत माझे नाव नाही’ हा ताठाही होता. हे सगळे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला कळत असे. १९६० नंतर गोऱ्या शहरी रसिकांच्या हाती ही कथा गेली तेव्हा तिच्यातील डोळा मिचकावणे हरपले. उरला तो रहस्यमय, शापित, एकाकी कलावंत. आणि अशा कलावंताला मजुरी देण्याचा प्रश्न कोणाला सुचत नाही.

मजुरीचा हिशेब असा आहे. नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियोला आणि जून १९३७ मध्ये डॅलसला जॉन्सनने मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली. मोबदला एकरकमी, विक्रीवर रॉयल्टी नाही. १६ ऑगस्ट १९३८ रोजी ग्रीनवुडजवळ तो मेला. कोणी म्हणतात विषप्रयोगाने, कोणी म्हणतात आजाराने. १९६८ साली एका संशोधकाला त्याच्या मृत्यूचा दाखला सापडला; त्यावर मृत्यूच्या कारणाच्या जागी ‘डॉक्टर नव्हता’ एवढेच लिहिलेले होते. सैतानाच्या कराराची पाने रंगवणाऱ्यांना या दोन शब्दांचे विशेष काही वाटले नाही. १९९० साली त्याची सर्व गाणी एकत्र प्रसिद्ध होऊन लाखो प्रती खपल्या. त्याचा मुलगा खडी वाहणारा ट्रक चालवून पोट भरत आला होता. वारस म्हणून त्याचा हक्क मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयात कायम होण्यास २००० साल उजाडावे लागले.

एकाकी पुरुष आणि त्याची गिटार या चित्राने आणखी एक गोष्ट झाकली. ब्लूजचा बाजार प्रथम उघडला तो स्त्रियांनी. ऑगस्ट १९२० मध्ये मॅमी स्मिथने ‘क्रेझी ब्लूज’ गायले आणि काळे लोकही पैसे मोजून ध्वनिमुद्रिका विकत घेतात, हा साक्षात्कार कंपन्यांना झाला. मा रेनी आणि बेसी स्मिथ यांनी १९२३ साली ध्वनिमुद्रणास आरंभ केला तेव्हा डेल्टाच्या गिटारवादकांचे नाव शहरात कोणी ऐकलेलेही नव्हते. नवऱ्याचा मार, परगावी गेलेला माणूस, थकलेले भाडे, तुरुंग, पूर, स्वतःची वासना आणि स्वतःची मर्जी हे सगळे त्या उघडपणे गात. घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बायका त्या तबकड्यांसाठी पैसे साठवीत. बेसीच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेने कंपनीला प्रचंड नफा दिला; बेसीला दर गाण्यामागे ठरीव रक्कम मिळे, रॉयल्टी मिळत नसे.

सप्टेंबर १९३७ मध्ये क्लार्क्सडेलजवळ मोटार-अपघातात बेसीचा मृत्यू झाला. गोऱ्यांच्या रुग्णालयाने दारातून परत पाठवल्यामुळे ती रक्तस्रावाने गेली, अशी बातमी थोड्याच दिवसांत पसरली. तिच्यावर एडवर्ड आल्बी यांनी नाटक लिहिले. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या चरित्राने ही बातमी खोटी ठरवली: तिला थेट काळ्यांच्या रुग्णालयात नेण्यात आले होते आणि तेथेच तिचा अंत झाला. मग दंतकथा खोटी म्हणून प्रश्न मिटला का? मिटत नाही, तो अधिक अवघड होतो. जखमी काळ्या बाईला गोऱ्यांच्या रुग्णालयाच्या दाराशी नेण्याचा विचारही त्या भागात कोणाच्या मनात येणार नव्हता. नकार देण्यासाठी कोणीतरी मागावे लागते; तेथे मागण्याचीच सोय नव्हती. दंतकथेने सगळा अपराध एका दारावर आणि एका क्षणावर लोटला. वस्तुस्थितीत तो अपराध गावाच्या आखणीतच बसवलेला होता. बेसीच्या अंत्ययात्रेला फिलाडेल्फियात हजारो लोक लोटले होते, तरी तिच्या थडग्यावर १९७० पर्यंत दगड नव्हता. तो बसवला गायिका जॅनिस जॉप्लिन हिने आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या एका स्त्रीने, दोघींनी मिळून.

मालकांच्या आणि बाजाराच्या दंतकथा सांगून झाल्यावर, पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी रचलेल्या दंतकथांकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. हडी लेडबेटर ऊर्फ लेडबेली हा बारा तारांची गिटार वाजवणारा असामान्य गायक. १९२५ साली टेक्ससच्या गव्हर्नरने त्याचे गाणे ऐकून त्याला माफी दिली, ही गोष्ट बरीचशी खरी आहे. १९३३ साली लोकगीत-संग्राहक जॉन लोमॅक्स यांना तो लुइझियानाच्या तुरुंगात भेटला, आणि पुढल्या वर्षी सुटला. ही सुटकाही गाण्यानेच झाली, असे वृत्तपत्रांतून गाजले. तुरुंगाधिकाऱ्यांच्या म्हणण्यानुसार ती चांगल्या वर्तणुकीच्या नियमाने झाली होती. पण नियमापेक्षा दयाळू गव्हर्नर आणि गाणारा खुनी ही जोडी जास्त खपणारी होती. लोमॅक्स यांची मोटार लेडबेली चालवीत असे. १९३५ च्या एका वृत्तपटात त्याला पुन्हा कैद्याच्या वेशात उभे करण्यात आले. सुटाबुटात नीटनेटके राहण्याची हौस असलेल्या या माणसाने राजधानी वॉशिंग्टनमध्ये काळा म्हणून खोली नाकारली गेल्यावर ‘बूर्ज्वा ब्लूज’ हे गाणे रचले. आपल्याला काय म्हणावयाचे आहे ते त्याला पक्के ठाऊक होते. डिसेंबर १९४९ मध्ये तो मेला; पुढच्याच वर्षी त्याचे ‘गुडनाइट आयरीन’ दुसऱ्यांच्या आवाजात देशभर पहिल्या क्रमांकावर पोचले.

२३ डिसेंबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये काळ्यांच्या संगीताचा एक मोठा कार्यक्रम झाला. त्याला ‘न्यू मासेस’ या डाव्या नियतकालिकाचा आश्रय होता. आयोजक जॉन हॅमंड यांना रॉबर्ट जॉन्सन हवा होता. तो मेल्याचे कळल्यावर रंगमंचावर त्याच्या ध्वनिमुद्रिका वाजवण्यात आल्या, आणि त्याच्या जागी बिग बिल ब्रून्झी यांना बोलावण्यात आले. ब्रून्झी कित्येक वर्षे शिकागोत राहणारे, दहाएक वर्षे ध्वनिमुद्रण करणारे कसलेले व्यावसायिक. त्यांची ओळख मात्र आर्कन्सासच्या शेतातून आलेला साधाभोळा शेतमजूर अशी करून देण्यात आली. हेतू चांगला होता. पण कष्टकऱ्याने आपल्या कल्पनेतल्या कष्टकऱ्यासारखे दिसावे, ही अपेक्षा त्या चांगल्या हेतूच्या पोटात दडलेली होती. त्याच काळात, १९३४ पासून, आर्कन्सासच्या टायरोन्झा गावी काळे आणि गोरे बटाईदार एकत्र येऊन ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ चालवीत होते. समाजवादी कार्यकर्त्यांनी उभारलेली ही संघटना मालकांच्या बंदुकांना तोंड देत होती. मळ्यातल्या माणसाची खरी ओळख तेथे होती.

१९६० नंतर ‘हरवलेल्या’ गायकांचा शोध सुरू झाला. मिसिसिपी जॉन हर्ट हा १९२८ साली ध्वनिमुद्रण करून अंतर्धान पावला, अशी समजूत होती. १९६३ साली त्याच्याच एका गाण्यातील अॅव्हलॉन या गावाच्या नावावरून शोधक तेथे गेले, तर तो तेथेच शेतात राबत होता. सन हाउस रॉचेस्टर शहरात सापडला. मधल्या काळात त्याने रेल्वेत नोकरी केली होती. ही माणसे हरवलेली नव्हती. ती कामावर होती. त्यांची चौकशी करावी असे कित्येक वर्षे फारसे कोणाला वाटले नव्हते.

मग या माणसांनी स्वतःच आपली खरी हकीकत का सांगितली नाही, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर १९४७ सालच्या एका ध्वनिमुद्रणात आहे. जॉन लोमॅक्स यांचे चिरंजीव अॅलन लोमॅक्स यांनी ब्रून्झी, मेम्फिस स्लिम आणि सनी बॉय विल्यमसन या तिघांना न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणगृहात बसवून बोलते केले. तिघे मोकळेपणाने बोलले: मिसिसिपीच्या काठचे बंधारे बांधणाऱ्या छावण्या, खेचराच्या जिवाला असलेली किंमत आणि काळ्या मजुराच्या जिवाला नसलेली किंमत, तुरुंग-शेती, झुंडीचे खून. कोणी गमतीने, कोणी गंभीरपणे. नंतर स्वतःचेच बोलणे ऐकताना त्यांच्या लक्षात आले की आपण काय बोलून गेलो. हे बाहेर गेले तर दक्षिणेत राहणाऱ्या आपल्या कुटुंबीयांचे काय होईल, या भीतीने त्यांनी नावे प्रसिद्ध न करण्याची विनंती केली. ते बोलणे १९५९ साली निघाले तेही बदललेल्या नावांनी. तिघांचीही खरी नावे छापली गेली १९९० साली. तोवर तिघेही मरण पावले होते.

ज्या समाजात मालकाचे नाव घेऊन खरे बोलणे जिवावर बेतते, तेथे माणसे सैतानाचे नाव घेऊन बोलतात. दुष्ट बाई, अडेल खेचर, पाठीस लागलेला कुत्रा, चढत जाणारे पाणी, हे सगळे त्या बोलण्याचे शब्द होते. ज्यांना या संगीतात घोषणा सापडत नाहीत म्हणून ते अराजकीय वाटते, त्यांनी ही चाळीसेक वर्षांची निनावी शांतता लक्षात घ्यावी.

म्हणून या दंतकथांविषयी कार्यकर्त्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. गायकाने स्वतःच्या बचावासाठी, थट्टेसाठी किंवा ताठ्यासाठी रचलेली कथा ही त्याची मालमत्ता आहे. तिचा मान ठेवावा. परंतु त्याच्या मागे, त्याच्या नावावर इतरांनी विकलेली कथा तपासून घ्यावी. कारण तिच्यात शिकवणाऱ्याचे नाव, गाणारीचा मोबदला आणि डॉक्टराविना झालेला मृत्यू हे तिन्ही गाळलेले असतात. मळेवाल्याच्या वहीत बटाईदाराचे कष्ट कधी नीट मांडले गेले नाहीत. निदान त्याच्या गाण्याच्या वहीत ती चूक पुन्हा होऊ नये. जॉन्सनची २९ गाणी आजही ऐकावीत, रात्रीच्या शांततेत ऐकावीत. आणि ऐकताना आइक झिमरमन या शिक्षकाचे नाव आवर्जून घ्यावे.